यवतमाळच्या विषबाधेचा पुरावा सरकारने जपावा

प्रति,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. कृषिमंत्री, मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, मा. वैद्यकीय शिक्षणमंत्री आणि मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य

प्रत माहितीसाठी व उत्तरासाठी : संचालक मंडळ, सिंजेंटा, बासेल, स्वित्झर्लंड

विषय : कीटकनाशकांच्या विषबाधेची नोंद, रासायनिक तपासणी आणि विषबाधितांना न्यायालयात लागणारी कागदपत्रे याबाबत

सन्माननीय मंत्रिमहोदय,

2017 चा खरीप यवतमाळ जिल्हा विसरलेला नाही. त्या वर्षी जुलै ते ऑक्टोबर या काळात कपाशीवर फवारणी करताना जिल्ह्यात 20 हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, सुमारे 800 जणांना विषबाधा झाली. वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात खाटा पुरेनात. कोणाला उलट्या थांबत नव्हत्या, कोणाला श्वास लागत होता, कोणी भान हरपून खाटेवरून उठून पळायला बघत होता, तर कितीएकांना काही दिवस डोळ्यांना दिसतच नव्हते.

हे का झाले, याची कारणे तेव्हाच समोर आली होती. पऱ्हाटी त्या वर्षी खांद्याला लागली होती, काही वावरांत तर डोक्यावर गेली होती. दाट लागवडीमुळे दोन ओळींमध्ये हवा खेळायला जागा नव्हती. उघडीप पडल्यावरचे ऊन आणि दमट हवा अशी की अंगातला सदरा घामाने सतत ओला. पाठीवर चायना पंप, त्यातून निघणारे धुक्यासारखे बारीक तुषार, आणि पीक डोक्याइतके उंच असल्याने ते तुषार थेट तोंडावर, डोळ्यांत, छातीवर. त्यातच किडीचा जोर इतका की एका औषधाने भागेना. म्हणून दोन-तीन औषधे एकाच टाकीत मिसळायची, वर एखादे टॉनिक टाकायचे. कोणते औषध कशात मिसळायचे, हे बहुतेकांना कृषी केंद्राच्या काउंटरवरच कळत होते. रोजीने फवारायला जाणाऱ्या मजुराच्या हाती तर डबासुद्धा येत नव्हता. त्याला भरलेली टाकी मिळायची.

सरकारने विशेष तपास पथक नेमले. मृतांच्या वारसांना 2 लाख रुपयांची मदत दिली. नोव्हेंबर 2017 मध्ये यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलडाणा आणि वाशीम या जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर 60 दिवसांची बंदी घातली : मोनोक्रोटोफॉस, अ‍ॅसिफेट, डायफेन्थियुरॉन, प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन यांचे मिश्रण, फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिड यांचे मिश्रण. साठ दिवसच, कारण कीटकनाशक कायदा 1968 च्या कलम 27 ने राज्याला फक्त तात्पुरत्या बंदीचाच अधिकार दिला आहे. कायमच्या बंदीचा निर्णय केंद्राचा. शिवाय ही बंदी आली तेव्हा त्या हंगामातली बहुतेक फवारणी आटोपली होती.

मदत दिली, बंदी घातली, अहवाल झाला. मंत्रिमहोदय, या पत्राचा विषय त्यानंतरचा आहे. ज्यांचे नुकसान झाले त्यांनी न्याय मागायचा ठरवला तेव्हा त्यांच्या हाती काय होते, आणि जे नव्हते ते कोणी जपायला हवे होते, हा माझा प्रश्न आहे.

त्या पाच औषधांतील डायफेन्थियुरॉन हे 'पोलो' या नावाने विकले जात होते. ते सिंजेंटा या कंपनीचे उत्पादन. कंपनीचे मुख्यालय स्वित्झर्लंडमधील बासेल शहरात आहे, मालकी 2017 मध्येच चीनच्या सरकारी केमचायना कंपनीकडे गेली, भारतीय शाखेचे कार्यालय पुण्यात आहे आणि गोव्यात तिसवाडी तालुक्यात तिचा कारखाना आहे. डायफेन्थियुरॉन युरोपीय संघात 2002 पासून आणि खुद्द स्वित्झर्लंडमध्ये 2009 पासून वापरता येत नाही. तरीही 2017 मध्ये, म्हणजे यवतमाळमध्ये माणसे रुग्णालयात भरती होत होती त्याच वर्षी, स्वित्झर्लंडमधून भारतात 75 टन डायफेन्थियुरॉनची निर्यात झाली. 'पब्लिक आय' या स्विस संस्थेने ही माहिती उघड केल्यानंतर तिथल्या सरकारने ऑक्टोबर 2020 मध्ये निर्णय घेतला आणि जानेवारी 2021 पासून डायफेन्थियुरॉनसह पाच घातक कीटकनाशकांची निर्यात बंद केली. आपल्या मातीत जे घडले त्याचा एवढा परिणाम दूरच्या एका देशाच्या कायद्यावर झाला. आपल्या कायद्यात त्या प्रमाणात काय बदलले, हे आपणच तपासून पाहावे.

सप्टेंबर 2020 मध्ये यवतमाळमधील तिघे जण बासेलच्या दिवाणी न्यायव्यवस्थेकडे गेले. त्यांत दोन विधवा आहेत आणि एक जण विषबाधेतून वाचलेला आहे. स्विस उत्पादन-दायित्व कायद्यानुसार त्यांनी भरपाई मागितली. त्याच वेळी 51 बाधितांच्या वतीने स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय संपर्क केंद्राकडे ओईसीडी या आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांखाली तक्रार दाखल झाली. मागे उभ्या होत्या विषबाधितांची यवतमाळमधील संघटना, पेस्टिसाइड अ‍ॅक्शन नेटवर्क इंडिया, बर्लिनची युरोपियन सेंटर फॉर कॉन्स्टिट्यूशनल अँड ह्युमन राइट्स आणि पब्लिक आय. तक्रारीतली मध्यस्थी 2022 मध्ये कोणत्याही समझोत्याविना संपली. दिवाणी दाव्यात कंपनीची भूमिका पहिल्यापासून एकच आहे : या मृत्यूंना आणि आजारांना पोलो कारणीभूत असल्याचा पुरावा नाही.

'पुरावा नाही' या दोन शब्दांपाशी मला आपले लक्ष थांबवायचे आहे. उत्पादन-दायित्वाच्या दाव्यात वादीला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : नुकसान झाले, उत्पादनात दोष होता, आणि त्या दोषामुळेच हे नुकसान झाले. पहिली गोष्ट विधवेला सिद्ध करता येते. दुसरीसाठी तज्ज्ञ उभे राहतात. तिसरी गोष्ट मात्र फक्त त्या दिवसांच्या कागदांत आणि नमुन्यांत असते. रुग्ण कोणत्या वेळी दाखल झाला, रक्त कधी घेतले, त्यात कोणते रसायन सापडले, टाकीत काय काय मिसळले होते, डब्यावरचा बॅच क्रमांक कोणता, ते कोणत्या दुकानातून कोणत्या तारखेला आणले. यांतली एकही नोंद घरात होत नाही. ती सरकारी रुग्णालयात, पोलीस ठाण्यात, कृषी विभागाच्या कार्यालयात आणि न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत होते. आणि तिथे ती झाली नाही, तर बासेलमधला सर्वांत हुशार वकीलही ती पुन्हा निर्माण करू शकत नाही.

2017 मध्ये तिथे काय झाले ते पाहू. सेंद्रिय फॉस्फरसवर्गीय कीटकनाशके शरीरातील कोलिनेस्टरेज या विकराचे काम बंद पाडतात. रक्तातील त्याची पातळी मोजली की विषबाधा त्या गटातील आहे का, हे कळते. अ‍ॅट्रोपिन किती द्यायचे याचा अंदाजही डॉक्टरांना येतो. कपाशीच्या पट्ट्यातील जिल्ह्याच्या सर्वांत मोठ्या सरकारी रुग्णालयात ही चाचणी त्या वेळी होत नव्हती. डॉक्टरांनी लक्षणांवरून उपचार केले आणि शेकडो जीव वाचवले. त्यांच्या श्रमांविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण केसपेपरवर रसायनाचे नाव आले नाही.

त्यात डायफेन्थियुरॉन फॉस्फरसवर्गीय नाहीच. ते थायोयुरिया गटातले. शरीरात आणि उन्हात त्याचे दुसऱ्याच संयुगात रूपांतर होते आणि ते पेशींची ऊर्जा तयार करण्याची यंत्रणा बंद पाडते. त्यावर ठरावीक उतारा नाही, आणि कोलिनेस्टरेजची चाचणी केली असती तरी ते पकडले गेले नसते. त्यासाठी दाखल होताच घेतलेले रक्त आणि लघवी थंड ठेवून, रसायन ओळखणारे यंत्र असलेल्या प्रयोगशाळेकडे पाठवावी लागते. काही दिवस उलटले की शोधायला फारसे उरत नाही. म्हणजे ज्या रसायनाचा शोध घेणे सर्वांत अवघड, त्याच्याच विरोधात सर्वांत कमी कागद तयार झाले.

पुढे मिश्रणाचा प्रश्न. टाकीत तीन कंपन्यांची तीन औषधे असली की प्रत्येक कंपनी दुसरीकडे बोट दाखवते, आणि तिन्ही औषधांचे मिळून शरीरावर काय झाले याचे उत्तर कोणालाच द्यावे लागत नाही. मिश्रण करू नका असे लेबलवर छापलेले असेल, तर दोष फवारणाऱ्याचा ठरतो. तपास पथकाच्या निष्कर्षांतही शेतकऱ्यांनी आणि मजुरांनी खबरदारी घेतली नाही हा मुद्दा आला. हातमोजे नव्हते, मुखवटा नव्हता, हे खरे आहे. पण संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेची आणि जागतिक आरोग्य संघटनेची कीटकनाशक व्यवस्थापनाची आचारसंहिता कलम 3.6 मध्ये स्पष्ट सांगते : जी कीटकनाशके वापरताना लागणारी संरक्षक साधने गैरसोयीची, महाग किंवा सहज न मिळणारी असतात, ती टाळावीत, विशेषतः उष्ण हवामानातील लहान शेतकरी आणि शेतमजुरांच्या बाबतीत. ही संहिता आपल्याला मान्य असल्याचे कीटकनाशक उद्योग स्वतः सांगतो. तिच्या दृष्टीने दोष बिनमोज्यांच्या हातांचा ठरत नाही. सप्टेंबरच्या उन्हात रबरी पोशाखाशिवाय वापरता न येणारे रसायन ज्याने यवतमाळच्या दुकानात पोहोचवले आणि ज्याने त्याला परवाना दिला, त्या दोघांना ही संहिता आधी जाब विचारते.

असे असूनही यवतमाळचे लोक बासेलपर्यंत रित्या हातांनी गेले नाहीत, आणि याचे कारण मुद्दाम नोंदवण्यासारखे आहे. सप्टेंबर 2020 मध्ये पब्लिक आय आणि सहकारी संस्थांनी अधिकृत कागदपत्रे समोर आणली. त्यांत पोलोशी संबंधित 96 विषबाधांची नोंद आहे. त्यांतले दोन मृत्यू. ही नोंद महाराष्ट्र पोलिसांनी केलेली होती. कुठल्या तरी ठाण्यातल्या कर्मचाऱ्याने रुग्णाला किंवा त्याच्या नातेवाइकाला विचारले, 'कोणतं औषध फवारत होते?' आणि उत्तर लिहून घेतले. त्या एका ओळीच्या आधारावर तीन वर्षांनी हजारो किलोमीटरवर दावा उभा राहिला. सरकारी यंत्रणेने आपले साधे कर्तव्य केले तर काय होऊ शकते, याचे हे आपल्याच राज्यातले उदाहरण आहे. प्रत्येक रुग्णाबाबत, प्रत्येक ठाण्यात, प्रत्येक दवाखान्यात असे घडले असते तर 51 बाधितांच्या तक्रारीचे वजन किती वाढले असते, याचा विचार आपण करावा.

बहुराष्ट्रीय कंपनीकडून झालेल्या हानीबाबत आपल्या देशाने एकदा फार मोठी किंमत मोजली आहे. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यातून विषारी वायू सुटला. 1985 मध्ये केंद्र सरकारने कायदा करून सर्व पीडितांच्या वतीने दावा लढवण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला, आणि फेब्रुवारी 1989 मध्ये 47 कोटी डॉलरवर तडजोड केली. ज्यांच्या नावाने तडजोड झाली त्यांना कोणी विचारले नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा पीडितांवरील अभ्यास 1994 मध्ये थांबवला गेला, त्यामुळे पुढच्या आजारांची शास्त्रीय नोंद तुटली. अनेक वर्षांनी सरकारला वाटले की मृतांचा आणि जखमींचा आकडा तेव्हा कमी धरला होता. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये ती वाढीव भरपाईची याचिका फेटाळली. झालेली तडजोड इतक्या काळानंतर उकलता येणार नाही, असे सांगितले.

यातून दोन गोष्टी शिकायच्या आहेत. पीडितांचा दावा सरकारने स्वतःच्या नावावर करून घेऊ नये. लढायचे की तडजोड करायची, हे ज्याचे नुकसान झाले त्यानेच ठरवावे. आणि पीडितांच्या शरीरावर काय झाले याची नोंद मात्र सरकारने सोडू नये, कारण ते काम दुसरे कोणी करू शकत नाही. भोपाळमध्ये नेमके उलटे घडले. यवतमाळबाबत ती चूक टाळण्याची वेळ अजून गेलेली नाही.

दक्षिणेतल्या एका राज्याने निराळा मार्ग धरला होता, तोही पाहावा. केरळच्या कासरगोड जिल्ह्यात काजूच्या बागांवर अनेक वर्षे हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारले गेले. तिथल्या लोकांच्या रेट्यामुळे सरकारने वैद्यकीय शिबिरे भरवून बाधितांची अधिकृत यादी तयार केली. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एंडोसल्फानवर देशभर बंदी घातली आणि जानेवारी 2017 मध्ये केरळ सरकारने प्रत्येक बाधिताला 5 लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला. यादीत नाव येण्यावरून तिथे आजही भांडणे आहेत. पण यादी होती, म्हणून न्यायालयाला आदेश कोणासाठी द्यायचा ते कळले.

परदेशी न्यायालयांतही वारे बदलत आहे. नायजेरियाच्या नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशातील चार शेतकऱ्यांनी तेलगळतीमुळे शेती आणि तळी नासल्याबद्दल 2008 मध्ये शेल कंपनीविरुद्ध नेदरलँड्समध्ये दावा लावला. तेरा वर्षांनी, जानेवारी 2021 मध्ये, हेगच्या अपील न्यायालयाने शेलच्या नायजेरियन उपकंपनीला भरपाईसाठी जबाबदार धरले. तेलवाहिनी कोणी मुद्दाम फोडली, असे कंपनीचे म्हणणे होते. ते सिद्ध करण्याचा भार कायद्याने कंपनीवरच होता, आणि बहुतेक दाव्यांत तिला ते जमले नाही. मधल्या काळात न्यायालयाने शेलला अंतर्गत कागदपत्रे शेतकऱ्यांच्या वकिलांना दाखवायला लावले होते. पुराव्याचा भार कोणावर आणि कागद कोणाकडे, यावर त्या खटल्याचा निकाल फिरला. स्वित्झर्लंडमध्ये नोव्हेंबर 2020 मध्ये कंपन्यांना परदेशातील हानीसाठी जबाबदार धरण्याच्या प्रस्तावावर जनमत घेतले गेले. बहुसंख्य मतदारांनी होकार दिला, पण बहुसंख्य प्रांतांचा कौल विरोधात गेल्याने प्रस्ताव पडला. म्हणजे सामान्य स्विस माणसाला यवतमाळचे म्हणणे पटत होते.

बासेलच्या संचालक मंडळालाही मला थोडे सांगायचे आहे.

आपण म्हणता की पोलोमुळे हे झाले असा पुरावा नाही. मग पुरावा तयार होण्यासाठी आपण काय केले, ते सांगा. पोलोच्या विक्रीची दुकानवार आणि बॅचवार माहिती आपल्याकडे आहे. डायफेन्थियुरॉन माणसाच्या शरीरात श्वासावाटे, त्वचेवाटे आणि डोळ्यांवाटे गेल्यावर काय होते, याचे आपल्या प्रयोगशाळेतील अभ्यास आपल्याकडे आहेत. 2017 मध्ये विषबाधेच्या बातम्या येऊ लागल्यापासून आपल्या पुण्याच्या कार्यालयात आणि बासेलमध्ये झालेला पत्रव्यवहार आपल्याकडे आहे. हे सर्व वादींपुढे ठेवा. रोजीने फवारणाऱ्या मजुराकडून प्रयोगशाळेच्या अहवालाची अपेक्षा करायची आणि आपल्या कपाटातील अहवालांना कुलूप लावायचे, हे न्यायाला धरून नाही. जे रसायन आपल्या देशातल्या शेतकऱ्याला वापरता येत नाही, ते आमच्या शेतमजुराच्या पाठीवर का चालते, याचे उत्तरही आपण न्यायालयाबाहेर, उघडपणे द्यायला हवे.

मंत्रिमहोदय, आता आपल्याकडच्या मागण्या. यांतली बरीचशी कामे आपल्याच अधिकारातील आहेत.

1. कीटकनाशक कायदा 1968 च्या कलम 26 नुसार विषबाधेच्या घटना कळवणे बंधनकारक करण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. तो पूर्णपणे वापरा. सरकारी दवाखान्याबरोबर खासगी दवाखान्यांनाही फवारणीतील प्रत्येक विषबाधा 24 तासांत जिल्हास्तरावर कळवावी लागेल, अशी अधिसूचना काढा. या नोंदीत फवारणीतून झालेली बाधा आणि विष पिऊन झालेली बाधा स्वतंत्र असावी. शेतकरी आत्महत्यांच्या या भागात दोन्ही एकाच रकान्यात गेल्या, की फवारणीचा बळी आत्महत्येच्या आकड्यात हरवतो.

2. यवतमाळ, अकोला आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत कोलिनेस्टरेज चाचणी हंगामभर, रात्रंदिवस उपलब्ध असावी. दाखल होताच घेतलेल्या रक्ताचा आणि लघवीचा एक मोहोरबंद नमुना शीतकपाटात जपला जावा, आणि रसायन नेमके ओळखणारी प्रयोगशाळा विदर्भातच उभी राहावी.

3. पोलिसांसाठी फवारणीतील विषबाधेच्या पंचनाम्याचा स्वतंत्र नमुना करा. त्यात टाकीतल्या सर्व औषधांची नावे, उत्पादक, बॅच क्रमांक, दुकानाचे बिल, पंपाचा प्रकार आणि मिश्रण कोणाच्या सल्ल्याने केले, हे रकाने असावेत. रिकामे डबे आणि टाकीतील उरलेले द्रावण ताब्यात घेतले जावे. मृत्यू झाल्यास व्हिसेऱ्याचा अहवाल किती दिवसांत यावा याची मुदत ठरवा आणि त्याची प्रत वारसांना विनामागणी द्या.

4. प्रत्येक रुग्णाला घरी जाताना केसपेपरची, चाचण्यांची आणि औषधोपचाराची पूर्ण प्रत विनामूल्य मिळावी. मूळ कागद रुग्णालयाने किमान पंधरा वर्षे जपावेत. परदेशातले दावे किती चालतात, ते शेलच्या उदाहरणावरून दिसते.

5. 2017 च्या विषबाधेचे जे कागद आज सरकारकडे आहेत, म्हणजे रुग्णालयाच्या नोंदी, पोलिसांच्या याद्या, तपास पथकाचा अहवाल आणि त्याची परिशिष्टे, त्यांतले काहीही नष्ट होऊ देऊ नका. प्रत्येक बाधित कुटुंबाला त्याच्याशी संबंधित कागद साक्षांकित करून द्या.

6. मदतीसाठी सातबाऱ्याची अट काढा. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने चालणारी अपघात योजना खातेदार शेतकऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. दुसऱ्याच्या वावरात रोजीने फवारणाऱ्या भूमिहीन मजुराला सर्वांत जास्त विष लागते आणि सर्वांत कमी मदत मिळते. अनेक विषबाधितांना पुढे महिनोन्महिने डोळ्यांचे आणि नसांचे त्रास राहिले. अशा माणसांच्या बुडालेल्या रोजीचाही विचार भरपाईत व्हावा.

7. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात या दाव्यांसाठी स्वतंत्र कक्ष द्या. त्याने भाषांतरे करून द्यावीत, साक्षांकन करून द्यावे, परदेशी न्यायालयांतील मुदती वादींना वेळेत सांगाव्यात. दावा लढण्याचा निर्णय मात्र वादीचाच राहावा.

8. केंद्र सरकारकडे आग्रह धरा. भारतात 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घातक उद्योगांसाठी संपूर्ण दायित्वाचे तत्त्व घालून दिले. ते तत्त्व कीटकनाशकांच्या नव्या कायद्यात यावे : निर्धारित पिकावर, नेहमीच्या शेतीच्या परिस्थितीत केलेल्या वापरातून विषबाधा झाली, तर आपले रसायन कारणीभूत नव्हते हे सिद्ध करण्याचा भार उत्पादकावर असावा. जी रसायने संहितेच्या कलम 3.6 मध्ये बसत नाहीत त्यांचे परवाने रद्द व्हावेत. मोनोक्रोटोफॉस मिसळले गेलेल्या माध्यान्ह भोजनाने 2013 मध्ये बिहारमधील 23 शाळकरी मुले दगावली होती, आणि तरीही देशपातळीवर ते बाजूला सारण्याचा आदेश निघायला 2023 उजाडले. प्रत्येक रसायनासाठी दहा वर्षे थांबायला शेतमजुरांकडे आयुष्य नाही.

9. बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या मानवी हक्कविषयक जबाबदारीसाठी बंधनकारक करार व्हावा, या ठरावाच्या बाजूने भारताने जून 2014 मध्ये जिनिव्हात मत दिले. त्या वाटाघाटी अजून चालू आहेत. तिथे भारताच्या प्रतिनिधीने यवतमाळचे नाव घ्यावे, यासाठी महाराष्ट्राने केंद्राला लेखी कळवावे.

या मागण्यांना पैसा लागेल, पण फार नाही. शीतकपाट, चाचणीचे संच, छापील नमुने, प्रशिक्षित कर्मचारी आणि थोडी शिस्त. यांतला खर्च कीटकनाशक उत्पादकांकडून विक्रीवरील अधिभारातून वसूल करता येईल. कीटकनाशक नियम 1971 मध्ये संरक्षक कपडे, श्वसनसाधने, प्रथमोपचार, उतारे आणि प्रशिक्षण यांच्या तरतुदी आहेतच. प्रत्यक्षात त्या कारखान्याच्या आणि गोदामाच्या दारातच थांबतात. त्यांना वावराच्या बांधापर्यंत आणणे हे आपले काम आहे.

कोणी म्हणेल की कंपन्यांना इतके अडवले तर शेतकऱ्यांना औषध मिळणार नाही आणि पीक हातचे जाईल. गुलाबी बोंडअळीने 2017 मध्ये विदर्भाचा कापूस कसा खाल्ला, हे मला माहीत आहे. किडीची भीती खोटी नाही. म्हणूनच कमी घातक पर्याय, कृषी विद्यापीठाच्या शिफारशी आणि कृषी सहायकांची वेळेवर भेट यांची गरज अधिक आहे. कास्तकाराला पीक आणि प्राण यांतले एक निवडायला लावणारी व्यवस्था त्याच्या हिताची असू शकत नाही. शिवाय विषबाधेची नीट नोंद ठेवण्याने एकाही शेतकऱ्याच्या हातचे औषध जात नाही. कोणते औषध माणसे मारते, एवढेच त्याने कळते. ते कळण्याची भीती कोणाला वाटावी?

बासेलमध्ये उभ्या राहिलेल्या तिघांनी आपल्या परीने शक्य ते सर्व केले. भाषा परकी, कायदा परका, समोर जगातल्या सर्वांत मोठ्या शेतीरसायन कंपन्यांपैकी एक. त्यांनी मुदतीत दावा लावला आणि मागे हटले नाहीत. त्यांचे सरकार त्यांच्या बाजूने किमान साक्षीदार म्हणून उभे राहावे, एवढीच या पत्राची मागणी आहे. ते साक्षीदार होणे म्हणजे वरची यादी अमलात आणणे.

कपाशीवरची फवारणी दरवर्षी जुलैत सुरू होते. कलम 26 ची अधिसूचना, चाचण्यांची सोय आणि पंचनाम्याचा नमुना या तीन गोष्टी येत्या जूनअखेरपर्यंत करा, आणि केल्या की जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर त्याची प्रत लावा. या पत्राचे उत्तर मला व्यक्तिशः नको. ते विधिमंडळाच्या पटलावर, तारखांसह यावे.

कळावे,
आपला,
विदर्भातील एका कास्तकार घरातला नागरिक